पहिल्या मुसळाची गिरजाबाई

आमच्या आळीत लग्न ठरलं की भटजीच्या आधी गिरजाबाईला विचारायचे. भटजी काय, रोह्यात एक नाही तर दुसरा मिळतो. पण घाण्याला पहिलं मुसळ कोणी धरायचं हा प्रश्न गावात कुणाला पडतच नसे. लग्नघरी उखळात हळकुंडं घालायची, मुसळांना आंब्याचे डहाळे बांधायचे आणि पाच सवाष्णींनी ती हळद कुटायची, त्याला आम्ही घाणा भरणं म्हणतो. त्या पाचांत पहिली गिरजाबाई. पदर खोचून ती पुढे सरायची, खड्या आवाजात एकेका देवाला लग्नाचं आवतण द्यायची, आणि तिचं मुसळ पडलं की मग बाकीच्यांची. तोवर नवरीची आईसुद्धा हात लावायची नाही.

ह्या मानाची तिला भारी घमेंड होती, उगाच कशाला झाकून ठेवू? "पत्रिकेत नाव नसलं तरी चालंल, पन घान्याला मीच," असं ती हसत म्हणायची. पण ते हसण्यावारी न्यायचं नाही हे आम्हाला ठाऊक होतं. एकदा तापाने फणफणलेली असताना तिने नवऱ्याला, रघूला, मोटरसायकल काढायला लावली आणि त्याच्या मागे बसून लग्नघर गाठलं. रघू धाटावला कंपनीत शिफ्टला जायचा. घरी आल्यावर बायको सांगेल ते मुकाट्याने करायचं, ही त्याची दुसरी शिफ्ट.

आणखी एक खोड होती तिची. पहिलं मुसळ खाली येताना ती डावा डोळा गच्च मिटायची. आम्हाला वाटायचं, ही तिची ऐट. आळीतल्या पोरी खेळातला घाणा भरताना तस्साच डोळा मिटायच्या. मी लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हा स्वयंपाकघरात एकटी असताना मीही मिटून पाहिला होता. त्या मिटण्यामागे काय होतं ते पुढे तिनेच मला सांगितलं, न विचारता सांगितलं. आता ती कुणालाही सांगते.

भात झोडताना एक कुसळ उडून तिच्या डाव्या डोळ्यात गेलं होतं. डॉक्टरकडे जायचं सोडून बाईने डोळ्यात पाल्याचा रस पिळला. कुणी सांगितला कोण जाणे; आमच्याकडे असले सल्ले फुकट मिळतात. डोळा लाल झाला, पिकला, आणि ठणका थांबला तेव्हा बुबुळावर पांढरं फूल पडलेलं होतं. उजेड आणि अंधार, एवढंच कळायचं. त्याचंही तिने फारसं मनाला लावून घेतलं नाही. पण त्या उन्हाळ्यात एका घाण्याला ती मुसळाला हात घालणार, तोच नवरदेवाची बाहेरगावची मावशी म्हणाली, "फुटक्या डोळ्याची बाय पुढं कशाला? दुसरी कोन नाय काय गावात?" कुणीतरी गिरजाबाईला हळूच दंडाला धरून मागे घेतलं. ती भिंतीला टेकून बसली, आणि दुसरीच्या गाण्याला तिने तोंडातल्या तोंडात साथ दिली.

तिचं माहेर पेणजवळचं जिते गाव. भावाने तिला पेणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आतला डोळा चांगला आहे, पुढची काच तेवढी पांढरी झाली आहे. कुणाच्या मरणानंतर त्याच्या घरच्यांनी डोळे दिले, तर त्यातली काच इथे बसवता येईल. नाव लावून ठेवलं. पुष्कळ दिवसांनी एका सकाळी बोलावणं आलं, पनवेलला ऑपरेशन झालं, आणि मग टाके, थेंब, तपासण्या ह्यांत ती कितीतरी महिने जित्यालाच राहिली.

पट्टी निघाली तेव्हा तिला समोरच्या नर्सच्या गळ्यातली साखळी कडीन् कडी दिसली. दुसरी एखादी आनंदाने रडली असती. हिने विचारलं, "बाय, ज्या बायचा हा डोळा, ती कुंकवाची व्हती का गो?"

नर्स म्हणाली, "बाई होती की बाप्या, तेसुद्धा आम्ही सांगत नाही, मावशी. तुम्ही बघा आणि खूश राहा."

खूश राहणं तिला जमलं नाही. कपाळावरचं कुंकू आपलं, नवरा जिता. पण डोळा जर कुणा विधवेचा असला तर? विधवा घाण्याच्या उखळाजवळ येत नाही. मग आपण सवाष्ण किती आणि नाही किती? शिवाय मेलेल्या माणसाचा विटाळ, तो आणखी वेगळा. असा हिशेब ती मनाशी घालत बसली. डॉक्टरांनी ऐकला असता तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता. पण त्या मावशीचे शब्द डॉक्टरांना ऐकायला लागले नव्हते, हिला लागले होते.

म्हणून गावात येताना ती एक गोष्ट रचूनच आली. पेणला एक वैदू आहे, त्याने मुळी उगाळून घातली आणि फूल विरघळलं. भावाला शपथ घातली, रघूवर नुसते डोळे वटारले, तेवढ्यात काम झालं. पुढच्या घाण्याला पहिलं मुसळ परत तिच्या हातात आलं. मात्र देवाला फसवायला नको, म्हणून पहिला घाव पडताना ती तो परका डोळा मिटून घ्यायला लागली. जे बघायचं ते आपल्या स्वतःच्या डोळ्याने.

आता खोटं बोललं की ते एका जागी बसत नाही. रघूच्या भावकीतला काळुराम, त्याच्या उजव्या डोळ्यात तसंच फूल, तेही कुसळानेच पडलेलं. तो एक दिवस ओट्यावर येऊन बसला. "वैनी, त्या वैदूचं घर कुटं ते सांग."

"बाजारात कोनाला पन विचार," ती म्हणाली.

काळुराम निडी स्टेशनाहून गाडीत बसून पेणला गेला, दिवसभर हिंडला आणि संध्याकाळी हिच्यासाठी पोह्याचे पापड घेऊन परत आला. वैदू सापडला नव्हता. पुन्हा गेला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा तिला राहवेना. ती म्हणाली, "जाऊ नको. वैदू वारला." नसलेल्या माणसाला तिने असा मारून टाकला. काळुरामच बिचारा हळहळला. "हाताला गुन व्हता गो त्याच्या," म्हणाला. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पण म्हणून खरंही बोलली नाही.

गिरजाबाईच्या घराला लागून सरूचं घर, मध्ये एक कुडाची भिंत. दोघी एकाच वर्षी सुना होऊन गावात आलेल्या. वाल पेरायला, शेंगा तोडायला, रोह्याच्या बाजाराला, सगळीकडे बरोबर. एकदा दोघी रोह्याजवळच्या अष्टमी गावात कापड घ्यायला गेल्या आणि उन्हाने दमून, पंखे चालू आहेत म्हणून, एका सभागृहात शिरल्या. तिथे एक डॉक्टरीणबाई अवयवदानावर बोलत होती. मूत्रपिंड, यकृत ही दवाखान्यात मेंदू बंद पडलेल्या माणसाचीच देता येतात. पण डोळे घरी मेलेलं माणूसही देऊ शकतं, ती सांगत होती. म्हातारपण असो, चष्मा असो, चालतं. सहा तासांच्या आत कळवायचं, तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, वरचा पंखा बंद करायचा. चेहरा तसाच राहतो. मग तिने विचारलं, "असा डोळा बसवलेलं माणूस तुमच्यापैकी कुणी पाहिलंय?"

एकही हात वर झाला नाही. गिरजाबाईने आपले हात पदराखाली घेतले.

परत येताना कुंडलिका नदीच्या पुलावर सरू म्हणाली, "तुला औषध लागू पडलं गो. काळुरामासारख्याला ते पन मिळालं नाय. माझं डोळं दिलं तर काय बिघडलं? मेल्यावर मला काय बघायचं ऱ्हायलंय?"

"तुझी मर्जी," गिरजाबाई म्हणाली.

सरूने घरी जाऊन मुलाला, सखाला, हे सांगितलं. तिची सासू धोंडुबाई चुलीपाशी होती, तिच्याही कानावर गेलं. हसण्यात ते राहिलं.

पुढच्या पौषात, वालाच्या शेंगा तोडता तोडता सरू बांधावर जी बसली ती उठलीच नाही. सकाळची वेळ होती. तिला उचलून घरी आणलं. सखाने रडत रडत फोन लावला, पापण्या मिटल्या, ओला कापूस ठेवला, पंखा बंद केला. आईने सांगितलेलं तो काही विसरला नाही. आम्ही बायका सरूला आंघोळ घालायला जमलो. नवरा मागे ठेवून गेली, अहेव गेली, म्हणून हिरवा चुडा, मळवट, ओटी, सगळी तयारी. पाणी घालायला गिरजाबाईच पुढे. तेवढ्यात अंगणात गाडी येऊन थांबली. तीच डॉक्टरीणबाई आणि बरोबर एक माणूस, दोघं गोठ्याच्या कडेला अदबीने उभी राहिली.

धोंडुबाई उंबऱ्यावर बसली. "भरल्या कपाळानं चालली माझी सून. तिला डोळ्याबिगर धाडू? म्होरल्या जन्मी आंधळी आली, तर तुमी येनार हाय का हात धरायला?"

"आजी, आयेनंच सांगितलं व्हतं," सखा म्हणाला.

म्हातारी काही दुष्ट नव्हती. तिने डोळे पुसले. "सांगितलं व्हतं. मी पन ऐकलं व्हतं, नाय कशाला म्हनू? पन हे डोळं जातात कुटं? खरंच कुनाला लागतात का उगाच टाकून देतात? एक मानूस दाखवा रं. असा डोळा बसवलेला एक मानूस दाखवा. मी उंबऱ्यावरनं उठते."

डॉक्टरीणबाई म्हणाली, "पुष्कळ जण आहेत, आजी. पण कुणाचं नाव सांगायची आम्हाला परवानगी नसते."

गिरजाबाई म्हातारीच्या पाठीशी, दाराच्या आत, हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. अंगणात पुरुषांत रघू होता. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तो तिच्याकडे असं काही मागत उभा राहिला नव्हता. तिने नजरेनेच नाही म्हटलं आणि पदर पुढे ओढला. मग वाकून सरूच्या पायांवर पाणी ओतलं.

"नाय ना कोन? मग ऱ्हाऊ दे," धोंडुबाई म्हणाली.

गाडी गेली. दुपारी सरूला नेली. त्या दिवशी गिरजाबाई एवढी रडली, की सरूच्या सख्ख्या बहिणीला तिला आवरावं लागलं. केवढी माया, असं आम्ही म्हणालो. ती मला पुढे म्हणाली, "माया कसली? मला माझी लाज वाटत व्हती. आनि ते लाजंचं रडनं पन मी सरूच्या नावावर खपवलं."

त्यानंतर ती आरशात बघेनाशी झाली. कुंकू चाचपून लावायची, कधी वाकडं लागायचं. कुडाच्या भिंतीपलीकडे सरूची लेक मालू भांडी घासायला बसली की ही आपल्या घरातून मागच्या दाराने बाहेर पडायची. काळुराम आळीत दिसला तर वाट बदलायची. ज्या डोळ्याने हे सगळं स्वच्छ दिसत होतं तो डोळा तिला नकोसा झाला होता, आणि तो नकोसा वाटण्याचीही तिला लाज वाटायची, कारण तो कुणीतरी दिला होता, ते घरही असंच रडत बसलं असेल, आणि त्या घरात उंबऱ्यावरून कुणीतरी उठलं असेल.

मालूचं लग्न आधीच ठरलेलं होतं. वर्षाच्या आत करायचं म्हणून वैशाखातली तिथी धरली. गिरजाबाईने गुडघा दुखतो म्हणून सांगून पाठवलं. तर मालू स्वतः आली. "आयेच्या जागी तूच ना गो, मावशी?" म्हणाली. गुडघा तिथेच बरा झाला.

घाण्याला मी तिसरी होते, म्हणून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. धोंडुबाई नेहमीसारखी लांब, भिंतीला टेकून बसली होती. मांडवात काळुराम शिडीवर चढून डहाळे बांधत होता. गिरजाबाईने गाणं उचललं. गावदेवाला आवतण दिलं, कुळदेवाला दिलं. आमच्याकडे देवांनंतर घरातल्या गेलेल्या माणसांना आवतण देतात. तिने मुसळ उचललं, सरूचं नाव घेतलं, सवयीने डावा डोळा मिटला, आणि मुसळ तसंच वर राहिलं.

"काय झालं गो?" धोंडुबाईने भिंतीपासून विचारलं. "आनि दर येळेला तो डोळा का मिटतेस? मी कवाधरनं बघते."

गिरजाबाईने मुसळ खाली ठेवलं. "हा डोळा माझा नाय, काकी. मेलेल्या मानसाचा हाय. पनवेलला बसवला. पेनला वैदू-बिदू कोन नव्हता. मी खोटं बोलली."

आमचे हात मुसळांवर होते तिथेच राहिले. धोंडुबाई भिंत धरून उठली. नवरा गेल्यापासून ती कधी उखळाजवळ आली नव्हती. ती सरळ चालत आली, गिरजाबाईची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं.

"हा?"

"व्हय."

"ह्यानं मी दिसते?"

"दिसतेस, काकी."

म्हातारी बराच वेळ त्या डोळ्यात बघत राहिली. मग म्हणाली, "मी एक मानूस मागत व्हती. तू तांब्या घेऊन माझ्या पाठीशी उभी व्हतीस."

"मला घान्याला कोन बोलवलं नसतं," गिरजाबाई म्हणाली. "डोळा कुना विधवेचा असला तर... म्हून मी..."

"असला तर?" धोंडुबाईने हनुवटी सोडली. "मी विधवाच हाय. ह्या घरातलं सगळं घानं मी त्या भिंतीला बसून ह्याच डोळ्यांनी बघितलं. माझ्या बघन्यानं कुनाचं वाकडं झालं गो? सांग ना. तुमी पन सांगा."

हे आम्हा सगळ्यांना होतं. त्या भिंतीला म्हातारीला आम्हीच बसवली होती, आणि त्याचा कधी विचारही केला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिरजाबाईला भीती होती ती काही तिने एकटीने पैदा केलेली नव्हती.

"दुसरीला दे मुसळ, काकी," गिरजाबाई म्हणाली.

"नाय. तुला मान पायजे व्हता ना? घे. येळ चालली. आनि ह्या टायमाला दोनी डोळं उघडं ठेवून मार."

गिरजाबाईने मुसळ उचललं आणि मारलं. दोन्ही डोळे उघडे होते, दोन्ही वाहत होते. गाणं मात्र तिच्या गळ्यातून येईना. जिच्या आवाजावर गावातली लग्नं लागली, ती नुसतीच कुटत राहिली. शेवटी आम्हीच कसंबसं गाणं ओढत नेलं, बेसूर. हळद कुटून झाली तेव्हा ती हात न धुताच बाहेर मांडवात गेली.

काळुराम शिडीवरून उतरला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो चिडलेला दिसला नाही, तेच वाईट. हातातली सुतळी गुंडाळत म्हणाला, "वैनी, मग वैदू वारला नाय?"

"नव्हताच रं," ती म्हणाली.

"मी त्याच्या नावानं कुंडलिकेत नारळ सोडला व्हता."

ती मांडवातच, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, खाली बसली. काळुरामने तिला पाणी आणून दिलं.

लग्न पार पडलं आणि ती स्वतः काळुरामला घेऊन पेणला डॉक्टरांकडे गेली. त्याचं नाव लागलं आहे. अजून बोलावणं आलेलं नाही. आता कुठे मयत झाली की गिरजाबाई तिथे जाते. काही जण तिला बघून कपाळाला आठ्या घालतात. एकाने तर दारच लावून घेतलं होतं. ती अंगणात उभी राहते, पदर मागे घेते आणि म्हणते, "हा बघा. मी दाखवते." कधी ऐकतात, कधी नाही. कुणी चांगलं म्हटलं की ती तिथून निघून येते. धोंडुबाईने मात्र घरात बजावून ठेवलंय, "माझी येळ आली की गिरजेला हाक मारा. उंबऱ्यावर कोनाला बसू देऊ नका."

काळुरामला तपासणीला अधूनमधून पेणला जावं लागतं, तेव्हा बरोबर तीच असते. बाजारातून जाताना तो अजून चेष्टेने विचारतो, "वैनी, वैदूचं घर कुटं आलं गो?" ती पदर ओढून घेते आणि त्याच्या उजव्या बाजूने, जिकडून त्याला दिसत नाही तिकडून, चालत राहते.